मला ऐकू येत होतं

गणपतींचं विसर्जन झालं की मुलुंडला आमच्या बाजूची हवा बदलते. पावसाचा जोर ओसरतो, पण डोंगर अजून गच्च हिरवा असतो. कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो, दोरीवरचे टॉवेल दोन दिवसांनीही दमट लागतात, आणि संध्याकाळी खिडकी उघडली की डोंगराकडून रातकिड्यांचा आवाज घरात शिरतो. लोकांना तो आवडतो. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दर वर्षी कुणीतरी त्याचं रेकॉर्डिंग टाकतं आणि खाली लिहितं, ‘मुंबईत राहून हे सुख!’ मग अंगठे, जोडलेले हात, फुलं. या वर्षी ते आलं तेव्हा मी गवार निवडत बसले होते. मी फोन पालथा ठेवला आणि शेंगा अशा मोडायला लागले की सासूबाई म्हणाल्या, “अगो, त्या शेंगांनी काय केल्यानी तुझां?”

तीन वर्षं झाली. एवढ्यात राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. हवा अशी दमट झाली की तो अंगात पुन्हा येतो, काही लोकांचे गुडघे दुखायला लागतात तसा.

मी झोपेच्या बाबतीत लाडावलेली बाई नाही. घाटकोपरला चाळीत वाढले. आमच्या खोलीच्या बरोबर खाली पिठाची गिरणी होती. दुपारी पट्टा सुरू झाला की जमीन थरथरायची, मांडणीवरचे पेले किणकिणायचे, आणि मी बारावीचं पुस्तक छातीवर ठेवून त्या थरथरीवर गाढ झोपायचे. लग्न होऊन मुलुंडला आले तर इथे रिक्षांचे हॉर्न, मंडपातले स्पीकर, वरच्या मजल्यावर पलंग ओढण्याचा कुणाचातरी छंद. कशाने मला जाग आली नाही. म्हणून ‘तुला हल्ली आवाज सहन होत नाही’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरायचं.

आणि म्हणायला घरात तेव्हा होतं कोण? मी, माझा नवरा दिलीप आणि सासूबाई. मुलगी सई नोकरीला पुण्यात. दिलीपने सत्तावीस वर्षं मरोळच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काढली. पत्र्यावर हातोडा पडावा तसं ते यंत्र दर दोन सेकंदांनी पडायचं, दिवसभर. कारखाना वसईकडे हलला तेव्हा त्याने काम सोडलं, आणि आता पवईच्या एका ऑफिसांच्या इमारतीत तो देखभालीचं बघतो. मी घाटकोपरच्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन आहे. भाद्रपद-आश्विन म्हणजे आमच्या लॅबचा सुगीचा काळ, असं आम्ही कडवटपणे म्हणतो. तापाचे पेशंट रांगेत उभे. दिवसभर रक्ताच्या स्लाईड रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून मलेरिया शोधायचा.

त्या वर्षी पितृपक्ष नुकताच लागला होता. मी अंथरुणाला पाठ टेकली, दिवा बंद केला, आणि खोलीतल्या खोलीत कुणीतरी सुईने काच खरवडावी तसा आवाज आला. किर्र, किर्र, किर्र. मग थांबला. बाहेरच्या रातकिड्यांचा आवाज एकसंध असतो, त्याची सवय होते. हा एकटा होता. याचं थांबणं जास्त वाईट होतं, कारण पुन्हा कधी सुरू होईल याची वाट बघत मी श्वाससुद्धा धरून ठेवायचे.

“दिलीप, ऐकतोयस?”

“काय?”

“रातकिडा आहे. खोलीत.”

तो उठून बसला. मान वाकडी करून ऐकलं. “नाही गं. काही आवाज नाहीये.”

“अरे आत्ता! हा बघ, हा!”

“नाहीये काही. झोप.”

आणि तो झोपला. पाठ वळवली की पाच मिनिटांत घोरणारा माणूस तो. मी दिवा लावला. आवाज बंद. दिवा मालवला. किर्र, किर्र.

दुसऱ्या दिवशी मी पलंगाखालचं सगळं बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी कपाट रिकामं केलं. फवारा मारला, त्या वासाने मलाच खोकला झाला. चादरी उकळत्या पाण्यात घातल्या. पावलाची चाहूल लागली की तो गप्प व्हायचा, त्यामुळे माझ्याकडे पुरावा म्हणून काहीच नसायचं, सकाळी लाल झालेले डोळे सोडले तर. एका दुपारी रजा टाकून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याने चारही कोपऱ्यांत नळी फिरवली आणि म्हणाला, “मॅडम, किधर है आवाज? मेरेको तो कुछ आया नहीं.” सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, जणू कुणीतरी शेवटी खरं बोललं.

सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या. वाईट नाहीत. पण त्यांनी ठरवून टाकलं होतं. “माका तर काय आयकाक येणा नाय,” त्या म्हणाल्या. “ह्या वयात असां होता गो. माका पण झालेला. पाळी जाताना बायको माणसाक कायच्या काय वाटता.”

म्हणजे बघा. एक इंचाचा किडा माझ्या खोलीत ओरडतोय, आणि घरात चर्चा कशाची, तर माझ्या पाळीची.

मी हॉलमध्ये सोफ्यावर झोपून पाहिलं. दार लावलं तरी तो आवाज फटीतून यायचा. उशी डोक्यावर घेतली तर उशीत यायचा. काही दिवसांनी तर तो लॅबमध्येही येतोय असं वाटायला लागलं, आणि तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. कारण दिलीप तोपर्यंत रोज सकाळी चहा पिताना म्हणत होता, “तुझ्या डोक्यात आहे ते.” चिडून म्हणत नव्हता. अगदी काळजीच्या सुरात म्हणायचा. चिडून म्हणाला असता तर मी भांडले असते. एकदा मी आंघोळीहून बाहेर येत होते आणि तो फोनवर त्याच्या बहिणीला सांगत होता, “हिचं हल्ली जरा असंच चाललंय. बघू, डॉक्टरला दाखवतो.” मी ओल्या केसांनी तिथेच उभी राहिले. पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाच्या तोंडून आपल्याबद्दल ‘हिचं असंच चाललंय’ हे शब्द ऐकायला मिळतात, तेव्हा पायाखालची फरशीसुद्धा आपली वाटत नाही.

डॉक्टरकडे मी गेले. तिथेही दिलीप माझ्या आधी बोलला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून मला विचारलं, “घरात आणखी कुणाला येतो का हा आवाज?”

“नाही.”

“हं,” ते म्हणाले, आणि गोळ्या लिहून दिल्या.

त्या ‘हं’ने माझा निकाल लागला होता. तीन माणसांना ऐकू येत नाही, एकीला येतं. मग खोटी कोण, हे ठरवायला डॉक्टर कशाला हवा? मी गोळ्या घ्यायला लागले. झोप अशी यायची की कुणी पोतं टाकावं. सकाळी जीभ जड, हात जड, डोळ्यांपुढे पातळ साय.

त्याच आठवड्यात विक्रोळीहून एक बाई तापाने आल्या. चाळिशीच्या असतील. शाळेत शिपाई होत्या. स्लाईड मी बघितली. निगेटिव्ह लिहिलं. संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला त्या स्वतःच आल्या, खिडकीची कड धरून उभ्या राहिल्या. ओठ सुकलेले.

“ताई, परत एकदा बघा ना. मला माहितीये, मला काहीतरी आहे. आतून थंडी येते.”

“रिपोर्टमध्ये काही नाहीये,” मी म्हणाले. “व्हायरल असेल. आराम करा.”

मी पुन्हा बघितलं नाही. घरी जायचं होतं. घरी जाऊन गोळीशिवाय झोप येणार नव्हती, तरी जायचं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांना स्ट्रेचरवरून आणलं. आमच्या सिनियर डॉक्टर मॅडमनी जुनी स्लाईड मागवली, मायक्रोस्कोपखाली लावली आणि खुर्ची माझ्यासाठी सरकवली. मी डोळा लावला. तांबड्या पेशींच्या आत मलेरियाच्या जंतूंच्या इवल्या अंगठ्या. एक नाही, दोन नाही. हे मी वीस वर्षं ओळखत आले होते. झोपेतही ओळखलं असतं असं म्हणायचे.

बाई वाचल्या. सहा दिवस लागले. चौथ्या दिवशी मी वॉर्डात गेले आणि त्यांना सांगितलं की स्लाईड मी बघितली होती, चूक माझी होती. ओरडतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मी सांगितलं होतं ना ताई तुम्हाला.”

मी जिन्यात येऊन बसले. त्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईला मी नेमकं काय म्हणाले होते ते मला शब्द न् शब्द आठवत होतं. रिपोर्टमध्ये काही नाही. तो डॉक्टरांचा ‘हं’ माझ्याच तोंडातून निघाला होता. त्या दिवशी गोळ्या कचऱ्यात टाकल्या. मॅडमनी लेखी खुलासा मागितला, तो दिला. गोळ्यांची गुंगी होती असं त्यात लिहिलं नाही. ते खरं होतं, पण त्या बाईंना त्याचा काय उपयोग?

मग सई आली. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, पाठीवर सॅक, दारातून थेट माझ्या खोलीत कपडे बदलायला. मी हॉलमध्ये बसून तोरणासाठी झेंडू ओवत होते. दिलीप टीव्हीसमोर. अर्धं मिनिटही गेलं नसेल, आतून तिचा आवाज आला.

“आई! हा काय आवाज आहे? तुम्ही झोपता कसे इथे?”

माझ्या हातातली सुई बोटात गेली.

“तुला येतोय?”

“म्हणजे काय! कान फुटायची वेळ आहे. रातकिडा आहे ना? कधीपासून आहे?”

मी उठले, फुलं सगळी जमिनीवर. दिलीप दारात येऊन उभा राहिला. मान वाकडी करून ऐकत होता, पहिल्या दिवशी केली होती तशीच. “मला नाही येत,” तो म्हणाला.

सईने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. तिने दिवा मालवला, आम्हाला हलू दिलं नाही, आणि फोनवर तो आवाज रेकॉर्ड केला. मग हॉलमध्ये आणून पूर्ण आवाजात लावला. मी कानांवर हात ठेवले.

“लाव की,” दिलीप म्हणाला.

“बाबा, चालूच आहे.”

त्याने फोन तिच्या हातातून घेतला, कानाला लावला, पुन्हा समोर धरला. स्क्रीनवर रेघा उड्या मारत होत्या. तो त्या रेघांकडे बघत होता, मग आमच्या चेहऱ्यांकडे, मग पुन्हा रेघांकडे. काचेपलीकडून बघावं तसा. सासूबाईंनीही कान पुढे केला आणि म्हणाल्या, “फोन बिघडलो काय?”

अशा वेळी बाईला कीव यावी, अशी अपेक्षा असते. मला नाही आली. मला राग आला. वीस-बावीस दिवस! वीस-बावीस दिवस मी स्वतःला वेडी समजत होते. गोळ्या खाल्ल्या. एका बाईच्या जिवाशी खेळले. आणि यातलं काहीही करण्याआधी या घरात एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही, की बाबा, आपलेच कान एकदा बघूया का?

“काढ त्याला,” मी दिलीपला म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

सई खोलीत जाऊन न हलता, कान देऊन फरशीवर आडवी झाली. बाथरूमच्या भिंतीला लागून आमचं कपाट आहे. त्याच्या खालची लाकडी पट्टी ओलीने फुगली होती. सईने बोट दाखवलं. दिलीपने पेचकस आणून पट्टी खोलली. आतून कुजक्या प्लायवुडचा वास, केसांचा गुंता, एक हरवलेलं बटण, आणि बोटाच्या पेराएवढा, बदामी रंगाचा, लांब मिशांचा तो. सई म्हणाली, “थांब आई, वाटीखाली धरून बाहेर सोडू.”

मी चप्पल घेतली होती. एकदा मारली. मग आणखी दोनदा, गरज नसताना. फरशीवर ओला डाग राहिला.

“मेलो गो तो,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “पुरे.”

खोली शांत झाली. मी त्या शांततेत टक्क जागी होते. इतके दिवस मला वाटत होतं की आवाज गेला की झोप येईल. पण आता डोक्यात दिलीपचा आवाज होता. तुझ्या डोक्यात आहे ते. तुझ्या डोक्यात आहे ते.

कान तपासायला तो तयार नव्हता. “मला नीट ऐकू येतं. तू बोलतेस ते येतं, टीव्ही येतो.” टीव्हीचा आवाज कितीवर असतो हे त्याला सईने पडद्यावरचा आकडा दाखवून सांगितलं. शेवटी तिनेच वेळ घेतली आणि पुण्याला परत जायच्या आधी आम्हाला घेऊन गेली. एका छोट्या बंद खोलीत त्याला बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी काचेतून बघत होते. तपासणारी मुलगी समोरच्या यंत्रावर आवाज सोडत होती, आणि तो गुडघ्यावर हात ठेवून, शाळकरी मुलासारखा मन लावून, काहीही न दाबता बसला होता.

कागदावर रेघ सरळ आली, मग एकदम खड्ड्यात पडली.

“कामावर कानात काही घालायचात काका?” तिने विचारलं.

“कापूस. तोही नंतर सोडला. सुपरवायझर हसायचे.”

“बारीक, उंच आवाज गेलेत तुमचे. किडे, पक्षी, थर्मामीटरची शिट्टी. बायकांचं, मुलांचं बोलणंही अर्धवट कळत असेल.”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर फुटपाथवर रिक्षा मिळत नव्हती. सई पुढे जाऊन हात करत होती. तो कागदाची घडी घालत, उलगडत उभा. मला त्या कारखान्याचा राग येत होता. सत्तावीस वर्षं माणसाचे कान कुटून काढले आणि कुणी कधी एक साधं बूच दिलं नाही. पण त्या जागी आता टॉवर उभा राहतोय. जाऊन भांडायचं कुणाशी? जो समोर होता तो हा होता.

“मला ऐकूच येत नव्हतं गं,” तो म्हणाला. “मग मी काय म्हणणार होतो?”

“‘मला येत नाही’ असं म्हणायचं होतंस. तू म्हणालास, आवाज नाही.”

“तेच ना ते.”

“तेच नाहीये दिलीप! मला ऐकू येत होतं. मी तुला सांगत होते. ते पुरे नव्हतं का?”

त्याने कागदाची घडी खिशात ठेवली. मग म्हणाला, “चुकलं माझं.” आणि डोळे पुसले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटत होता, तरी नाही ठेवला. आजही मला त्याची खंत वाटत नाही.

त्या दिवाळीनंतरच्या रविवारी त्याचे कारखान्यातल्या प्रेस शॉपचे जुने सोबती फराळाला आले. दर वर्षी येतात, बायकांना घेऊन. चार माणसं हॉलमध्ये बसली की खालच्या वॉचमनला सगळं ऐकू जातं. मी इतकी वर्षं समजत होते की हे लोक मोकळ्या स्वभावाचे, म्हणून मोठ्याने बोलतात. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत होते.

दिलीपने तो कागद कपाटातून आणला आणि टीपॉयवर ठेवला. किड्यापासून सगळं सांगितलं. स्वतःची बाजू न घेता सांगितलं, हे मला कबूल करायला हवं. “तुम्हीपण तपासून घ्या,” तो म्हणाला.

“आपल्याला काय झालंय?” सावंत हसले. ते त्याच्या शेजारच्या मशीनवर होते. “मला सगळं येतं. फक्त आमच्या हिचं बोलणं कळत नाही. पुटपुटते ती. सवयच आहे तिला.”

सावंतवहिनी चकल्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते हळूच खाली ठेवलं. अतिशय शांत बाई. कधी वाद नाही, कधी आवाज चढलेला नाही.

“दहा वर्षं,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. “दहा वर्षं मी घसा दाखवत फिरतेय वहिनी. हे म्हणायचे तुझा आवाज बसलाय, म्हणून. काढे प्यायले. मिठाच्या गुळण्या केल्या. आवाज मोकळा व्हायला सकाळी उठून ओंकार म्हणते मी. डॉक्टर सांगतात घशात काही नाही, तरी परत जाते.”

सावंत सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. वहिनी त्यांच्याकडे वळल्या आणि अगदी नेहमीच्या आवाजात, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “उद्या सकाळी अकरा वाजता. मी नंबर लावतेय. तुम्ही येताय.”

सावंतांनी दिलीपच्या गुडघ्यावर हात ठेवला, हसत हसत पुढे वाकले आणि विचारलं, “काय म्हणाली रे ही?”

आम्हा बायकांपैकी एकीलाही हसू आलं नाही.